रेडिएटर नवा, वॉटर पंप नवा, तरी पिकअपचं पाणी कमी होतंय. गळती शोधायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2008 ची डिझेल पिकअप, रोजच्या फेरीत अर्धा-पाऊण लिटर पाणी कमी होतंय, रेडिएटर बदलून झाला, वॉटर पंप बदलून झाला, गाडीखाली डबकं दिसत नाही आणि आता मेकॅनिक म्हणतोय हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवू. जरा थांबा. दोन मोठे पार्ट बदलूनही पाणी जातंय, म्हणजे गळती अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेलीच नाही. नुसता अंदाज चाललाय आणि बिल तुम्ही भरताय. माझीही जुनी डिझेल पिकअप आहे, टोमॅटो भरून नारायणगावहून माळशेज उतरून वाशीला जाते, त्यामुळे हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे.

आधी हेडची शंका फेडून घ्या, त्याला पैसे लागत नाहीत. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी तोंडापर्यंत भरा आणि गाडी चालू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा असते. पण बुडबुडे थांबायचं नावच घेत नसतील, किंवा झाकण लावून चालू केल्यावर गार इंजिनचा वरचा होज (रबरी नळी) मिनिटा-दोन मिनिटांत दगडासारखा कडक होत असेल, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात घुसतोय. ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या रंगाची साय आहे का, डिपस्टिकवर ऑइल वाढलंय का, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर चालूच राहतो का, तेही बघा. यातलं काही असेल तर मेकॅनिक बरोबर आहे. मग नुसती गॅसकेट (हेडखालचं सील) बदलू नका, हेडची सपाटी पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासून घ्या. यातलं काहीच नसेल तर हेडला हात लावू देऊ नका.

आता डबकं का दिसत नाही ते. चालत्या गाडीत फॅनची हवा थेंब मागे ढकलते. पाणी ब्लॉकवरून (इंजिनच्या मुख्य धडावरून) ओघळत बेलहाउसिंगवर (मागच्या क्लचच्या कवचावर) येतं, सायलेन्सर पाईपवर पडतं आणि वाफ होऊन जातं. म्हणून जिथे ओल दिसते तिथे गळती असेलच असं नाही, ती बहुतेक त्याच्या वर आणि पुढे असते. दुसरं म्हणजे बऱ्याच गळत्या गाडी उभी केल्यावर, इंजिन गार होताना चालू होतात. तापलेलं असताना रबर आणि धातू दोन्ही फुगून जोड घट्ट बसलेला असतो. गार होताना दोन्ही आकसतात, क्लिप ढिली पडते आणि आत अजून थोडं प्रेशर शिल्लक असतं. त्याच वेळी ठिबकतं. तुम्ही तोवर जेवायला गेलेले असता.

म्हणून गळती शोधायची ती गार इंजिनवर, प्रेशर देऊन. रेडिएटर दुरुस्तीवाल्याकडे झाकणाच्या जागी बसणारा हातपंप असतो, त्याला घड्याळ लावलेलं असतं. आदल्या दिवशी इंजिन धुऊन कोरडं करा, नाहीतर जुनी ओल फसवते. मग झाकणावर जेवढं प्रेशर छापलंय तेवढंच भरा, 0.9 असेल तर 0.9 बार, त्याच्या वर नाही. निदान अर्धा तास तसंच ठेवा. काटा खाली यायला लागला की टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बसा. तरी सापडत नसेल तर कोरड्या ब्लॉकवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. पाणी जिथून निघतं तिथून खाली त्याचा माग उमटतो.

माझ्या गाडीत तो माग निघाला इंजिनच्या मागच्या बाजूला, फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळच्या) एका बारक्या होजवर. गाडीला हीटर नाही, त्यामुळे हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या एकाच तुकड्याने जोडून दिलेल्या. वरून बघितलं तर काही दिसत नाही, बोट फिरवलं की होजच्या टोकाला पांढरट-हिरवी खार लागते. होज नवाच होता. क्लिप काढून होज ओढला तेव्हा कळलं: खालची लोखंडी नळी गंजून तिच्यावर खड्डे पडले होते. खड्ड्याखड्ड्यातून पाणी रबराखालून बाहेर येत होतं. अशा नळीवर कितीही महागडा होज चढवा आणि क्लिप कितीही आवळा, ती गळणारच. जुन्या गाडीत चिवट गळतीचं हे एक नंबरचं कारण आहे असं माझं ठाम मत आहे, आणि गॅरेजमध्ये याकडे कुणी बघत नाही, कारण होज बदलायला पाच मिनिटं लागतात आणि नळी घासायला तासभर.

त्यावर उपाय: नळी पॉलिश पेपरने गोलाकार घासा, लांबीच्या दिशेने नाही, लांबीचा प्रत्येक ओरखडा म्हणजे पाण्याला नवी वाट. खड्डे उथळ असतील तर धातूचा इपॉक्सी पातळ लावून रात्रभर वाळू द्या आणि परत घासून गुळगुळीत करा. खोल असतील तर नळीच बदला. होजच्या खाली सिलिकॉनचे थर चोपडू नका. त्याचे तुकडे सुटून आत रेडिएटरच्या नळ्यांत अडकतात. क्लिप नळीच्या टोकावरच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही. एकदा गाडी तापून गार झाली की क्लिप पुन्हा अर्धा आटा आवळून बघायची.

तुमच्याकडे होज कोरडे निघाले तर पुढचा संशय वेल्च प्लगवर घ्या. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या ठोकलेल्या असतात, त्या. ब्लॉक ओतताना आत भरलेली वाळू काढायला जी भोकं ठेवावी लागतात, त्यांची ही झाकणं. वर्षानुवर्षं साधं पाणी घातलेल्या इंजिनात त्या आतून गंजतात, बाहेरून धडधाकट दिसतात, आणि एखादी नेमकी मॅनिफोल्डच्या (हवा-धुराच्या नळ्यांच्या) किंवा सेल्फ मोटरच्या मागे असते. एका कडेला ठोकून आडवी करायची आणि पक्कडने ओढून काढायची, आत पडू द्यायची नाही. जागा स्वच्छ घासून, कडेला सीलंट लावून नवी सरळ ठोकायची. मिळाली तर पितळी घ्या.

वॉटर पंप नवा आहे म्हणताय, तरी त्याच्या पोटाखालचं बारीक भोक बघून घ्या. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावं म्हणून ते ठेवलेलं असतं. काही महाभाग त्यात एम-सील भरतात. मग पाणी बेअरिंग खातं आणि एखाद्या दिवशी घाटात पंप जाम होतो. थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) हाउसिंगखाली जुनीच गॅसकेट परत बसवलेली असते, तिथेही नजर टाका.

रेडिएटर बदलताना झाकण जुनंच लावलं का? झाकणाची स्प्रिंग मेलेली असेल तर गळती नसतानाही पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं. 0.9 बार प्रेशरखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं, प्रेशर टिकलं नाही तर शंभरालाच. नवं झाकण स्वस्त असतं, फक्त आकडा तोच घ्या. आणि गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही, हे अनुभवी ड्रायव्हरलाही सांगावं लागतं.

रेडिएटरमध्ये हळद टाकायचा सल्ला कुणीतरी देणारच. रस्त्यात अडकलात आणि गाडी घरी आणायची असेल तर चालेल. पण ती हळद जिथे भोक आहे तिथेच जाऊन बसत नाही, नव्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. लीक-स्टॉपच्या पुड्यांचंही तेच.

दुरुस्ती झाली की बोअरचं पाणी परत भरू नका, त्याचा क्षार आत चढतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं घ्या. आमच्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला, असं लोक म्हणतात. आपल्याला ते पाणी गोठू नये म्हणून नाही, आत गंज चढू नये म्हणून लागतं. जुनं काढलेलं उघड्या पातेल्यात अंगणात ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्रं प्यायलं तर मरतं.

भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा म्हणजे हवा वर निघेल. रेडिएटरच्या बाजूच्या ओव्हरफ्लो बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी गाडी चालू करायच्या आधी बघा. पहिले काही दिवस पातळी थोडी उतरेल, ती आतली हवा निघते. त्यानंतरही उतरत राहिली आणि गार इंजिनवर प्रेशर टिकत असेल, तर कोमट इंजिनवर तोच हातपंप लावून परत बघा, आणि इंजिनच्या मागच्या बाजूचा फोटो इथे टाका.