मसुदा म्हणजे काळा केलेला कागद

‘लोकसहभागातून तयार झालेला संविधानाचा मसुदा लागू झाला’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि मसुदा, प्रारूप व आराखडा यांत फरक काय, असे एका वाचकाने विचारले आहे. वाक्य चूक आहे. लागू होते ते संविधान. मसुदा कधीच लागू होत नाही, तरी व्यासपीठावरून तो लागू करणारे वक्ते मला दरवर्षी भेटतात.

मूळ अरबी शब्द ‘मुसव्वदा’, म्हणजे काळा केलेला. मराठीत तो फारसीमार्गे आला. खाडाखोड, समासातल्या टिपा आणि दोन ओळींमध्ये कोंबलेले शब्द यांनी काळवंडलेला कागद तो मसुदा. त्याची स्वच्छ प्रत ती ‘मुबय्यदा’, म्हणजे पांढरी केलेली. कविता उतरवून ठेवण्याची वही, उर्दूतली ‘बयाज’, हीही याच पांढऱ्या धातूची. मराठीने या जोडीतला काळा तेवढा उचलला.

म्हणून माझा आग्रह असा की, ज्यावर दुसऱ्या कोणाची शाई पडलेली नाही, त्याला मसुदा म्हणू नये. भारताच्या संविधानाचा मसुदा १९४८च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला, आठ महिने लोकांपुढे राहिला आणि पुढे संविधान सभेत त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. दक्षिण आफ्रिकेत नव्या संविधानासाठी लोकांकडून, अर्जांवरील सह्या धरून, सुमारे २० लाख निवेदने आली. इतके होऊन मे १९९६मध्ये स्वीकारलेली संहिता तिथल्या घटना न्यायालयाने सप्टेंबरात प्रमाणित करण्यास नकार दिला, आणि ती पुन्हा दुरुस्त करावी लागली. याला काळे करणे म्हणतात!

शुद्धिवाद्यांना आणि सरकारी परिभाषेला मात्र ‘प्रारूप’ प्रिय. मसुदा परका म्हणून टाकायचा, तर ‘कायदा’, ‘हक्क’ आणि ‘वकील’ हेही अरबीच आहेत. ते कुठे ठेवणार? शिवाय ‘प्रारूप’ म्हटले की रूप आधीच ठरले असून लोकांनी केवळ मान डोलवायची आहे, असा वास मला येतो.

आइसलँडमध्ये २०११ साली २५ जणांच्या परिषदेने मजकूर इंटरनेटवर मांडत, लोकांच्या सूचना घेत नवे संविधान लिहिले. २०१२च्या सल्लादर्शक सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी त्याला पाठिंबा दिला, तरी संसदेने ते मंजूर केले नाही. त्याला ‘आइसलँडचे नवे संविधान’ म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की तो अजूनही मसुदाच आहे.

आराखड्याचे राहिलेच: कलमांची भाषा ठरण्याआधीची नुसती रूपरेषा, तो आराखडा.