‘मध्येच विसरले तर?’

दहावीची तोंडी असो, नाट्यस्पर्धा असो की नोकरीची मुलाखत, नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच: “मॅडम, ऐनवेळी मध्येच विसरले तर?” अशा वेळी मला हटकून मैत्रेयी आठवते. (नाव बदललं आहे.)

मैत्रेयी १९ वर्षांची. सातव्या वर्षापासून पियानो, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांच्या आठही ग्रेड झालेल्या, दर शनिवारी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला क्लास. व्हिएन्नाच्या संगीत विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा द्यायची होती. बाख, एक सोनाटा, शोपँचं एत्यूद, सगळं पाठ. त्याआधी मुंबईतल्या एका छोट्या कार्यक्रमात बाखची फ्यूग (एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येते अशी रचना) वाजवताना ती अडकली. पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकली, आणि उठून आत गेली. पुढचे तीन आठवडे तिने पियानोचं झाकण उघडलं नाही.

“अहो, दिवसाचे सहा तास बसत होती. आणखी किती रियाज करायचा पोरीने?” आई विचारत होती.

मी मैत्रेयीला तिची भीती एका ओळीत लिहायला सांगितली. तिने लिहिलं, ‘स्टेजवर माझी एकही चूक होताच कामा नये.’ मी ‘होताच’मधल्या ‘च’भोवती गोल केला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझं सगळं काम उभं आहे, आणि ती ज्यावर बोट ठेवते तो माणसाचा ‘असंच व्हायला हवं’ हा हट्ट मराठीत त्या एका अक्षरात मावतो, असं मला इतक्या वर्षांनंतरही वाटतं.

“पण मोठे पियानिस्ट चुकत नाहीत ना,” ती म्हणाली.

चुकतात. होरोविट्झ १९५३पासून बारा वर्षं जाहीर मैफलींपासून दूर राहिला. १९६५ला कार्नेगी हॉलमध्ये परतला, तेव्हा सुरुवातीलाच त्याचे चुकीचे सूर लागले. तो वाजवत राहिला. रिक्टर तर उतारवयात समोर नोटेशन ठेवून, अंधाऱ्या सभागृहात एका दिव्याच्या उजेडात वाजवायचा. मुळात पाठ वाजवायची रीत रुळली तीच १९व्या शतकात, फ्रान्झ लिस्ट आणि क्लारा शूमान या पियानोवादकांच्या काळात. मैत्रेयीने सगळं ऐकलं, मान डोलावली आणि आली तशीच घरी गेली. डोक्याला पटलं होतं, बोटांना अजून पटायचं होतं.

चौथ्या भेटीत मी तिला टेबलाच्या काचेवर फ्यूग वाजवायला सांगितलं. बोटं पळायला लागली. अर्ध्यावर मी म्हटलं, “थांब. आता इथूनच पुढे.” करंगळी काचेपासून पेरभर वर थबकली. मग दोन्ही हात, तिच्याही नकळत, पहिल्या सुरावर गेले.

त्या क्षणी मला दिसलं. बारा वर्षं या मुलीने न चुकण्याचा रियाज केला होता. चुकल्यावर परत येण्याचा एक दिवसही केला नव्हता.

तिची आई गाण्याच्या परीक्षा दिलेली. मी त्यांनाच विचारलं, “ख्याल गाताना तान फसली तर?”

“समेवर येऊन मिळायचं,” त्या सहज म्हणाल्या. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा.

मी मैत्रेयीकडे वळले. “तुझी सम कुठे आहे?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “फ्यूगला सम नसते, मॅडम. चार आवाज एकमेकांच्या मागे धावत असतात.” थोड्या वेळाने, हळूच: “पण मी ठरवू शकते.”

घरी जाऊन तिने नोटेशनवर लाल पेन्सिलीने सहा जागा मांडल्या. रोज आई स्वयंपाकघरातून मध्येच एक आकडा ओरडायची, आणि मैत्रेयीने हातातलं सोडून त्या जागी उडी मारायची. पहिला आठवडा रडारडीत गेला. पुढे तिने शेजाऱ्यांना बसवून, मुद्दाम चूक करून वाजवलं. हा भाग मी सगळ्यांनाच सांगते. भाषण असेल तर त्यातली चार-पाच वाक्यं अशी घोटा की झोपेतून उठवलं तरी तिथून पुढे बोलता आलं पाहिजे. तालीम नेहमी पहिल्या ओळीपासून करू नका. घरच्यांसमोर एकदा तरी मुद्दाम अडखळा. आणि पालकांनो, मूल अडकलं की ‘पहिल्यापासून म्हण’ हे कृपा करून सांगू नका.

परीक्षेच्या दिवशी रात्री व्हिएन्नाहून मेसेज आला: ‘फ्यूगमध्ये चुकले. चारवर उतरले.’

निकाल अजून लागायचा आहे. काल शनिवार होता, ती पंचवटीने दादरला गेली होती.