सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम सोलारिसवरून लिनक्सवर न्यायला ऑफिसातले जुने लोक तयार नाहीत. त्यांना कसं पटवू?

पटवायला जाऊच नका. मी गेलो होतो, सहा महिने फुकट गेले.

आमच्याकडे स्पार्क प्रोसेसरच्या मशिनांवर सोलारिस १० होतं, जायचं होतं रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवर. मी स्लाइड्स केल्या: सोलारिस बनवणारी सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली, हार्डवेअर महाग, नव्या पोरांना सोलारिस येत नाही वगैरे. आमचे सीनियर अ‍ॅडमिन, त्यांना सगळे काका म्हणायचे, एवढंच म्हणाले, "रात्री तीनला आपोआप चालणारी बॅच अडकली की फोन तुझ्या घरी येणार का माझ्या?"

यावर स्लाइड नव्हती.

मग मी उलटं केलं. काय काय मोडेल याची यादी काकांनाच करायला सांगितली. दोन दिवसांत चार पानं आली! त्यात एक असं: सोलारिसच्या जुन्या शेलमध्ये, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, इको या छापायच्या कमांडला बॅकस्लॅश-एन दिला की नवी ओळ येते, लिनक्सवरच्या बॅश या शेलमध्ये तो आहे तसाच छापला जातो. आमचे सगळे रिपोर्ट त्यावर चालायचे. चाचणीतली पहिलीच फाइल उघडली तर अख्खा रिपोर्ट एका ओळीत, मधेमधे बॅकस्लॅश-एन. मग इको काढून प्रिंटएफ ही कमांड घालत बसलो. दुसरं, स्पार्क बिग-एंडियन आणि इंटेल लिटल-एंडियन, म्हणजे आकड्याचे बाइट दोघं एकमेकांच्या उलट क्रमाने ठेवतात, त्यामुळे बायनरी फाइली नुसत्या कॉपी केल्या तर आकड्यांची वाट लागणार. हे मला सुचलंही नव्हतं. झेडएफएस ही सोलारिसवरची फाइल सिस्टिम रेड हॅटसोबत येत नाही, हा त्यांचा आक्षेपही खराच होता. तो मी सरळ मान्य केला आणि एलव्हीएम या लिनक्सच्या डिस्क सांभाळायच्या सोयीवर भागवलं.

बर्फ खरा वितळला तो वेगळ्याच कारणाने. लिनक्सवर वाढलेल्या एका पोराने सोलारिसवर रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, 'होस्टनेम हायफन एफ' ही कमांड मारली. लिनक्सवर तिने मशिनचं पूर्ण नाव दिसतं. सोलारिसवर मशिनचं नावच 'हायफन एफ' होऊन बसलं. काका पोट धरून हसले, आणि मग स्वतःच त्याला शेजारी घेऊन बसायला लागले.

दोन महिने दोन्ही मशिनं समांतर चालवली. परत फिरायचं की नाही, हा निर्णय लेखी काकांच्या हातात दिला. पहिल्या महिन्याचा रात्रीचा फोन मात्र मी माझ्याकडे घेतला. चार वेळा वाजला. त्यातल्या तीन वेळा मी काकांनाच उठवलं.