गोव्याच्या पावसात मोठ्या एसयूव्हीला कोणत्या ऑल-वेदर मॅट घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की पावसाआधी बदली होऊन फोंड्याला येताय, तीन रांगांची डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही बुक केलीय, मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या आहेत आणि शोरूम सेव्हन-डी मॅट फुकट देतंय. त्या ठेवाव्यात की पदरचे पैसे घालून टीपीईच्या, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकच्या घ्याव्यात, हा तुमचा प्रश्न.

टीपीईचे, साच्यात काढलेले, उंच काठाचे ट्रे घ्या. आणि सेव्हन-डी फुकट असल्या तरी बसवू देऊ नका. नंतर काढता येतील असं वाटतं, पण त्या एकदा बसल्या की आपण काढत नाही, आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं.

मी सत्तरी तालुक्यात राहतो, वाळपईहून थोडं आत. घरचं कुळागर आहे, त्यामुळे गाडीत माणसांइतकीच सुपारी, नारळ, केळीचे घड यांची ये-जा असते. आमची सात आसनी गाडी आली तेव्हा तिच्यातही अशाच मॅट होत्या. रेक्झिनचा वरचा थर, मध्ये स्पंज, चौकटी-चौकटीची शिलाई, दाराच्या कडेपर्यंत सगळं झाकलेलं. दिसायला फार देखण्या. पहिला जुलै लागला. ओल्या चपला, निथळणाऱ्या छत्र्या, मुलांच्या शाळेचे बूट. मी रोज संध्याकाळी फडक्याने मॅट पुसायचो आणि वरून ती कोरडी ठाक दिसायची. पण शिलाईच्या प्रत्येक टाक्याला एक भोक असतं. पाणी त्यातून खाली उतरत होतं, स्पंज ते पीत होता आणि स्पंजाखालचं कंपनीचं कार्पेट स्पंजाकडून घेत होतं.

चवथीच्या सुमारास एसी लावला की कुबट वास यायला लागला. एसीचा फिल्टर बदलला, सुगंधी फवारे मारून पाहिले, उपयोग शून्य. मग सप्टेंबरात डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटला आणि विझेना. गावातल्या मेकॅनिकने मॅट उचलली, कार्पेटाखाली हात घातला आणि एवढंच म्हणाला, "सकयल उदक आसा." म्हणजे खाली पाणी आहे. ड्रायव्हरच्या सीटखाली पिवळ्या कनेक्टरची वायरिंग असते, एअरबॅग आणि सीटबेल्टची. त्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. सीटच्या बोल्टांभोवती पत्र्याला गंज धरला होता. सगळ्या सीट काढून कार्पेट बाहेर घेतलं, पण बाहेर ऊन कुठलं? घरात पंख्याखाली चार दिवस टांगून ठेवलं तेव्हा कुठे ते वाळलं. तोवर मुलांना घेऊन मी एअरबॅगचा भरवसा नसलेली गाडी चालवत होतो, ही गोष्ट मला अजून बोचते.

तुम्ही डोंबिवलीहून येताय म्हणजे पाऊस तुम्हाला नवा नाही. गोव्यात जून ते सप्टेंबर सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आमच्या सत्तरीत आणि तिकडे सांग्यात त्याहूनही बराच जास्त. पण मॅटच्या बाबतीत पावसाच्या आकड्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे इथे चार महिने काही वाळत नाही. ओला टॉवेल दोन दिवसांनीही ओलाच. म्हणून मॅट घेताना एकच प्रश्न विचारा: पाणी कुठे राहतं? ते मॅटवर, डोळ्यांना दिसेल असं राहिलं तर तुम्ही ते दाराबाहेर ओतून टाकाल. मॅटच्या पोटात किंवा मॅटखाली गेलं तर ते ऑक्टोबरपर्यंत तिथेच मुक्काम करेल.

या कसोटीवर सेव्हन-डी गळतात. थ्री-डी, फाइव्ह-डी, सेव्हन-डी ही नुसती बाजारातली नावं आहेत, त्या आकड्याला कुठलंही माप नाही. नूडल मॅट, म्हणजे प्लास्टिकच्या वेटोळ्यांची जाळी असते ती, नोव्हेंबर ते मे खरोखर चांगली. मिरामार किंवा मोरजीहून परत आलात की वाळू वेटोळ्यांत खाली बसते आणि पाय स्वच्छ राहतात. (किनाऱ्यावर गाडी न्यायला गोव्यात बंदी आहे, पण वाळू पायांबरोबर येतेच.) पावसात मात्र तीच जाळी तांबडा चिखल धरून ठेवते आणि ती धुवून वाळवायची म्हणजे पुन्हा उन्हाची वाट बघणं आलं. दुकानात रोलमधून कापून देतात ते रबर टिकाऊ असतं, पायाला पकडही चांगली देतं, पण ते सपाट. काठ नसल्यामुळे पाणी वळणावर कडेने खाली उतरतं, आणि मोठ्या एसयूव्हीची फरशी एवढी रुंद असते की कापलेला तुकडा कुठे ना कुठे उघडा पडतोच.

राहिले साच्यातले ट्रे. ते पीव्हीसीचेही मिळतात आणि टीपीईचेही, दुकानात शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही. पीव्हीसीला मऊपणा येण्यासाठी त्यात जी द्रव्यं घालतात ती उन्हात हळूहळू उडून जातात. बंद गाडीतला तो उग्र वास त्यांचाच. दोन-तीन उन्हाळ्यांत स्वस्त पीव्हीसी कडक होतं आणि कडा वर वळतात. टीपीई रबरासारखं लवचीक राहतं, वासही फार कमी. दुकानात एक कोपरा दुमडून दहा-पंधरा सेकंद धरा आणि सोडा. पांढरी रेघ न उमटता तो पूर्ववत झाला पाहिजे. आणि नाकाजवळ धरून बघा. ज्या मालाला दुकानात वास येतो त्याला मे महिन्यात मडगावच्या बाजारात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काय येईल?

काठ निदान दोन बोटं तरी उंच हवा आणि मधल्या खाचा खोल हव्यात, म्हणजे पाणी खाचेत आणि पाऊल उंचवट्यावर. फक्त नक्षी म्हणून काढलेल्या उथळ रेघांचा काही उपयोग नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर पृष्ठभाग खरखरीत आहे ना, हे ओला हात फिरवून बघा. माझी आई गुळगुळीत ट्रेवर पाय ठेवायलाच घाबरते, आणि पावसात गाडीत चढता-उतरता पाय सरकणं ही साधी गोष्ट नाही.

आता ड्रायव्हरच्या मॅटबद्दल. हे मनापासून वाचा, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. २८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोजवळ लेक्ससची एक सेडान भरधाव सुटली, थांबेना, आणि आतली चारही माणसं गेली. गाडी सर्व्हिसिंगच्या काळात तात्पुरती वापरायला दिलेली होती. तपासात आढळलं की तिच्यात त्याच कंपनीच्या एका एसयूव्हीची ऑल-वेदर मॅट टाकलेली होती. या गाडीला ती लांब होती, हुकांनाही अडकवलेली नव्हती, आणि ॲक्सिलरेटर तिच्यात अडकला. त्यानंतर साधारण महिन्याभराने लेक्सस बनवणाऱ्या टोयोटाने अमेरिकेतल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरची मॅट काढून ठेवायला सांगितलं. म्हणजे मॅट उत्तम प्रतीची असूनही चुकीच्या गाडीत गेली तर जीव घेते.

म्हणून "सगळ्या मोठ्या एसयूव्हींना चालते" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. तुमच्या मॉडेलची, तुमच्या वर्षाची, ऑटोमॅटिकची आणि उजव्या स्टिअरिंगची मॅट हवी. ऑनलाइन घेताना हे शेवटचं विसरू नका, परदेशी मालात बऱ्याचदा डाव्या स्टिअरिंगचे साचे असतात. त्यात ड्रायव्हरच्या मॅटचा आकार डाव्या बाजूच्या फरशीचा असतो, आपल्या गाडीत ती नीट बसत नाही. कार्पेटवर कंपनीचे हुक असतात, ते जितके आहेत तितकी भोकं मॅटला हवीत आणि प्रत्येक हुक घट्ट बसला पाहिजे. जुन्या मॅटवर नवी मॅट कधीच घालू नका.

बसवल्यावर इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, सोडा. तो मॅटला न घासता झटकन वर आला पाहिजे. मग मॅट हाताने पेडलकडे जोर लावून ढकला. ती हलली तर परत करा. सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून रुळात काठ अडकत नाही ना तेही बघा. आमच्या घरात दोघं गाडी चालवतात, उंचीत फरक आहे, आणि सीट पुढे ओढली की काठ वर उचलला जातो हे आम्हाला असंच कळलं. आणि चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर कधी अडकलाच तर खाली वाकू नका. ब्रेक एकदाच पूर्ण ताकदीने दाबून धरा, गिअर न्यूट्रलला टाका, कडेला थांबा, मग इंजिन बंद करा.

मोठ्या गाडीत लोक पुढच्या दोन मॅटवर सगळं लक्ष देतात आणि मागे फसतात. तुमच्या मधल्या खुर्च्या सुट्या आहेत, तर दोन खुर्च्यांच्या मधली वाट झाकणारा तुकडा सेटमध्ये आहे का ते विचारा. तिसऱ्या रांगेत जाणारा प्रत्येक ओला पाय तिथेच पडतो, आणि बऱ्याच सेटमध्ये नेमकी तीच जागा उघडी असते. बाकड्यासारख्या सीटसाठी केलेला साचा सुट्या खुर्च्यांना बसत नाही. पुढच्या सीटखालून मागे हवा देणाऱ्या एसीच्या झडपा मॅटने झाकल्या जाऊ नयेत. तिसऱ्या रांगेची मॅट छोटी असते, पण ती घ्याच.

डिकीचा ट्रे तर गोव्यात पुढच्या मॅटइतकाच गरजेचा. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजारातून बांगडे, सुंगटं (कोळंबी) घेऊन निघालात, पिशवीला बारीकशी चीर असली, आणि बर्फाचं पाणी कार्पेटात मुरलं की तो वास महिनोन्महिने जात नाही. तिसरी रांग उभी असताना डिकी चिंचोळी असते, तेव्हा बहुतेक वेळ तुम्ही ती रांग पाडूनच ठेवणार. पाडलेल्या सीटच्या पाठी झाकणारा, दोन भागांचा, काठ असलेला ट्रे बघा. उन्हाळ्यात काजूच्या बोंडांचा रस आणि फणसाचा चीकही त्यावरच सांडेल. चीक निघत नाही म्हणून ब्लेडने खरवडू नका. खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा, सुटतो. नंतर साबणाने तेल मात्र पूर्ण काढा.

देखभाल अशी फारशी नाहीच. इथली जांभ्याची तांबडी माती फार बारीक असते, वाळली की पॉलिश पेपरसारखी घासते. तेव्हा आधी झटकून मग पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. धुलाई केंद्रावर टायरला लावायचं चकचकीत पॉलिश मॅटवरही मारतात. त्यांना आधीच बजावून ठेवा. त्याने मॅट काळीभोर दिसते, पण ओली चप्पल पेडलवरून सरकते.

आणखी एक. चांगले ट्रे बसवूनही पुढच्या डाव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या माणसाच्या पायाशी, ट्रेच्या खाली ओल सापडली तर मॅटला दोष देऊ नका. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी बहुधा चोंदलेली असते, आणि मेकॅनिक ती थोड्या वेळात साफ करतो. सनरूफ असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्याही पावसाआधी तपासून घ्या, झाडाखाली गाडी लावत असाल तर त्यात पालापाचोळा जाऊन बसतो. म्हणूनच पावसाळ्यात मी दर रविवारी चारही ट्रे उचलून खालच्या कार्पेटवर तळहात दाबून बघतो. ट्रे पटकन निघतात म्हणून हे जमतं, पूर्वीच्या त्या जाड मॅटखाली हात घालायला निम्मी गाडी खोलावी लागली होती.

शोरूमला आजच कळवा की मॅट न बसवता गाडी द्या आणि त्या बदल्यात चिखल अडवणारे मडफ्लॅप घ्या. ट्रे डिलिव्हरीच्या आधी मागवून ठेवा आणि गाडी हातात आली की कोरड्या कार्पेटवर पहिल्याच दिवशी बसवा. बुकिंगचं नेमकं मॉडेल आणि वर्ष खाली लिहिलंत तर मधल्या वाटेच्या तुकड्याचं आणि हुकांचं मी बघून सांगेन.