स्वभावाला औषध नाही म्हणतात, मग समुपदेशन कशाला?

"मॅडम, माझा स्वभावच भिडस्त आहे. आता या वयात काय बदलणार?" पहिल्या भेटीत हे वाक्य नाना तऱ्हेने कानावर येतं. कोणी खुर्चीत बसता बसता म्हणतं, कोणी निघताना दाराशी थांबून. कधी सोबत आलेली बायको किंवा आईच म्हणते, "स्वभावाला औषध नाही हो!" आणि ज्याच्याबद्दल हे बोललं जातं, तो मान डोलावतो. जणू निकाल आधीच लागलाय आणि माझ्याकडे फक्त सही घ्यायला आलेत.

असाच एक तिशीतला गृहस्थ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, दुखणं मात्र तेच. कामात हुशार, वरिष्ठांची काही तक्रार नाही. पण मीटिंगमध्ये तोंड उघडायचं म्हटलं की घशाला कोरड. प्रश्न वहीत लिहून ठेवायचे, शब्द दोनदा बदलायचे, मग त्यावर आडवी रेघ मारायचे. तेवढ्यात तोच प्रश्न दुसरं कोणीतरी विचारायचं आणि साहेब म्हणायचे, "चांगला मुद्दा!" कोणाला फोन करायचा तर आधी कागदावर सगळं लिहून काढायची सवय. एक कागद त्यांनी मला दाखवला. त्यावर पहिलीच ओळ होती : 'हॅलो, मी बोलतोय'. पुढे स्वतःचं नावही लिहिलं होतं! बढतीसाठी अंतर्गत मुलाखत द्यायची संधी दोनदा आली आणि दोन्ही वेळा नेमका त्याच दिवशी ताप भरला. ताप खरा होता. नाटक नव्हतं.

अशा वेळी धीर देण्याचा मोह फार होतो. 'तुम्ही हुशार आहात, कोणी हसणार नाही, जमेल तुम्हाला.' घरचे लोक वर्षानुवर्षं हेच सांगत असतात. त्याचा उपयोग झाला असता तर तो माणूस माझ्याकडे आलाच नसता. मी त्यांना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची गोष्ट सांगितली.

एलिस १९१३ साली अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये जन्मले आणि न्यूयॉर्कमध्ये वाढले. मूत्रपिंडाच्या आजारामुळे लहानपणी वारंवार रुग्णालयात राहावं लागलं आणि आईवडील भेटायला क्वचितच यायचे. मुलगा कमालीचा बुजरा निघाला. चार लोकांसमोर बोलायची भीती आणि मुलींशी बोलायची तर त्याहून जास्त. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात ते रोज जायचे. एखादी मुलगी आवडली तर लांबच्या बाकावरून चोरून बघायचे आणि तिने बघितलं की नजर खाली. वयाच्या १९व्या वर्षी त्यांनी स्वतःलाच एक नियम घालून दिला : बाकावर एकटी बाई दिसली की त्याच बाकावर जाऊन बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. सबब चालणार नाही.

महिन्याभरात १३० जणींच्या शेजारी बसून झालं. त्यातल्या ३० लगेच उठून गेल्या. उरलेल्या १००जणींशी ते बोलले. फुलं, झाडं, पक्षी, हवापाणी, हातातलं पुस्तक, जे सुचेल ते. एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं. ती आलीच नाही!

इथे माझे गृहस्थ हसले. म्हणाले, "म्हणजे सपशेल नापासच की."

भेट ठरवण्यात नापास, हे खरं. पण भीती गेली, आणि ती यशामुळे गेली नाही. शंभरदा नकार पचवूनही आपल्याला काही होत नाही, हे अंगावर घेऊन पाहिल्यामुळे गेली. भाषणाच्या भीतीवरही त्यांनी हाच उपाय केला आणि पुढे तर मला व्यासपीठावरून खाली उतरवणं कठीण, असं ते गमतीने सांगत. (अनोळखी बायकांच्या शेजारी जाऊन बसण्याचा हा प्रयोग मी कोणालाच सुचवत नाही. तो काळ वेगळा होता आणि आपल्या सरावाचा त्रास दुसऱ्याला होता कामा नये.)

तेव्हा एलिस मानसशास्त्रज्ञ नव्हतेच. पदवी घेतली ती व्यवसाय प्रशासनाची. चिकित्सा मानसशास्त्रात कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली १९४७ साली. मग मनोविश्लेषणाचं रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी तशी प्रॅक्टिस सुरू केली. लोक कोचावर पडून बालपण उकरून काढायचे. आपण असे का झालो, हे त्यांना कळायचं, पण वागणं फारसं हलायचं नाही. ही कुचंबणा वाढत गेली आणि १९५३च्या सुमारास त्यांनी मनोविश्लेषणाला रामराम ठोकला. १९५५मध्ये त्यांनी स्वतःची पद्धत वापरायला सुरुवात केली आणि १९५६मध्ये शिकागोत अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात ती मांडली. स्वागत थंडच झालं. भावनांचं मूळ आजच्या विचारात शोधायचं, ही कल्पना त्या काळात अनेकांना उथळ वाटली. मात्र १९८२मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांना सर्वांत प्रभावी मानसोपचारतज्ज्ञ कोण, असं विचारलं गेलं, तेव्हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्यानंतर एलिस यांचं नाव आलं. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड त्यांच्या मागे, तिसरे. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून हा विचार मराठीत आणला आणि तो इथे विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखला जातो.

पद्धतीचा गाभा ए-बी-सी असा सांगतात. ए म्हणजे घटना, सी म्हणजे आपली भावना आणि वागणं. आपल्याला वाटतं, ए मुळे सी झालं. एलिस म्हणतात, मधलं बी बघा. बी म्हणजे त्या घटनेबद्दलची आपली धारणा. माणसाला घटना त्रास देत नाहीत, त्याबद्दलची त्याची मतं देतात, हा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा विचार त्यांना फार भावला होता. धारणा सापडली की तिची उलटतपासणी करायची. एलिस यांची खासियत अशी, की 'लोक हसतीलच कशावरून?' या प्रश्नावर ते अडकत नाहीत. हसले असं धरूनच चालतात.

आमचं संभाषण साधारण असं झालं.

"समजा, तुमचा प्रश्न खरंच बावळटपणाचा निघाला. कोणीतरी हसलं. पुढे?"

"पुढे काय, संपलंच."

"काय संपलं?"

बराच वेळ गेला. "इज्जत."

"दुसऱ्या दिवशी कामावर जाल?"

"जावंच लागेल की."

"काम येत असेल?"

"ते येतंय. ते कुठे जातंय?"

"मग बावळट काय ठरलं, प्रश्न की तुम्ही?"

ते उत्तर द्यायला निघाले आणि थांबले. एवढी वर्षं त्यांच्या हिशेबात या दोन गोष्टी एकच होत्या. एक वाक्य चुकलं की अख्खा माणूस रद्द. एलिस यांनी आयुष्यभर ज्याच्यावर हल्ला चढवला ती धारणा हीच. कृतीला खुशाल मार्क द्या, माणसाला देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या मांडणीत सर्वांत टिकाऊ हेच आहे आणि पचायला सर्वांत जडही हेच.

समजलं म्हणून भीती जात नाही, त्यामुळे घरचा अभ्यास दिला. मीटिंग सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एकदा बोलायचं. एका मिनिटाच्या नियमाचं हे आमचं रूप. मुद्दा चांगलाच हवा, ही अट नाही. "मला हे समजलं नाही, परत सांगाल का?" एवढंही चालेल. जोडीला लाज मोडण्याचा एक प्रयोग. एलिस आपल्या लोकांना भुयारी रेल्वेत स्टेशनांची नावं मोठ्याने पुकारायला लावत. आम्ही ऑफिसची लिफ्ट निवडली. तिच्यात उभं राहून मजल्याचा आकडा खणखणीत आवाजात सांगायचा.

हा प्रयोग त्यांनी बरेच दिवस पुढे ढकलला. शेवटी केला. "चौथा मजला!" लिफ्टमध्ये तिघं होते. एकीने चमकून पाहिलं. एक जण मोबाइलवरून नजरही न उचलता चौथ्या मजल्यावर उतरून गेला. सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. म्हणाले, "मी रात्रभर झोपलो नव्हतो आणि त्याला पत्ताच नाही!"

मीटिंगचं मात्र इतकं मजेत झालं नाही. एकदा धीर करून त्यांनी प्रश्न विचारला आणि वरिष्ठ तुटकपणे म्हणाले, "हे गेल्या आठवड्यातच ठरलंय." त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या भेटीत त्यांचा सूर होता, "बघा, मी म्हटलं होतं." माझ्या दृष्टीने हे सत्र सगळ्यांत मोलाचं ठरलं, कारण जिची भीती होती ती गोष्ट आता खरोखर घडून गेली होती आणि गृहस्थ समोर बसले होते. आम्ही तीच घटना घेऊन ए-बी-सी पुन्हा मांडलं, या वेळी कागद त्यांच्या हातात दिला. वाईट वाटणं खोडायचं नव्हतं. सगळ्यांसमोर तुटक उत्तर मिळालं तर वाईट वाटेलच. एलिसही खेद आणि खचून जाणं यांत फरक करत. खेद झाला तरी माणूस पुढच्या मीटिंगला जातो.

तिसऱ्यांदा संधी आली तेव्हा त्यांनी मुलाखत दिली. निवड दुसऱ्याची झाली. "दोन दिवस वाईट गेले," म्हणाले, "पण या वेळी ताप नाही आला."

राहिला स्वभावाचा प्रश्न. माणसाचा पिंड बदलतो, असा माझा दावा नाही. एलिस यांचंच पाहा. नकाराची भीती गेली, पण बोलण्यातला फटकळपणा अखेरपर्यंत तसाच होता. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शैक्षणिक चित्रफितीत ते एका तरुणीशी बोलताना दिसतात. आवडणाऱ्या पुरुषांसमोर आपण बुजतो, ही तिची अडचण. म्हणजे विषय त्यांच्या घरचाच! तरी ते इतकं आणि इतक्या भरभर बोलतात, की तिला बोलायला फार जागा उरत नाही. मला ते पाहताना अवघडायला होतं. माझ्या या गृहस्थांसमोर तशी सरबत्ती केली असती, तर ते दुसऱ्या भेटीला आले नसते. पद्धत त्यांची घ्यावी, लकब घेऊ नये, असं माझं मत आहे. माझे गृहस्थही आज भिडस्तच आहेत. लग्नसमारंभात कोपरा धरून बसतात आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. तक्रार मीटिंगची होती.

हे वाचून कोणी घरी सुरुवात करणार असेल, तर लहान प्रसंग निवडा आणि ज्यात नोकरी किंवा सुरक्षितता धोक्यात येईल असं काही करू नका. आणि गर्दीत छाती धडधडून जीव घाबरा होत असेल, घराबाहेर पडणंच बंद झालं असेल, झोप उडाली असेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर लिफ्टचे प्रयोग बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिथे कधी औषधही लागतं.