क्लिनिकचा फोन कुणाच्या हातात वाजणार?

औसा तालुक्यातून जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षिकेने पत्र पाठवलं आहे. वय ३८, लग्नाला अकरा वर्षं. मूल व्हावं म्हणून लातूरला आणि पुण्याला उपचार करून झाले, यश आलं नाही. नणंद झेक प्रजासत्ताकात ब्रनो शहरात नोकरीला आहे. तिच्या आधाराने तिथल्या क्लिनिकमध्ये आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडणं) करायचं घरात ठरलं आहे. उन्हाळी सुट्टीतले २२ दिवस त्या तिथे राहतील. यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे, मे महिन्यात खरिपाचं बियाणं-खत भरायचं असतं, म्हणून ते चौदाव्या दिवशी परत निघतील. सगळा खर्च ९ लाखांच्या आसपास. ६ लाख मुदत ठेव मोडून आणि बाकीचे सोयाबीनचे.

त्या विचारतात: "मोबाईलच्या दुकानात रोमिंगचा १० दिवसांचा पॅक ३ हजारांना सांगितला. मला तीन लागतील, मालकांना दोन, म्हणजे १५ हजार. मालक म्हणतात, दोघांत एकच फोन चालू ठेवू. दीर म्हणतात, ताईंच्या घरी वायफाय आहे, एक रुपयासुद्धा घालू नका. एवढा खर्च चाललेला असताना फोनला पैसे मागायची मलाच लाज वाटते. तुम्हीच सांगा."

ताई,

लाज वाटून घेऊ नका. दीर पैसे वाचवायला बघतात ते मायेनंच, पण या उपचारात फोन ही चैन नाही. तो औषधांच्या यादीत धरायचा खर्च आहे. तरीही १५ हजार घालू नका. त्याच्या निम्म्याहून कमी पैशात याहून चांगली सोय होते. फक्त ती दोघांची वेगवेगळी हवी.

आधी एकच फोन का पुरणार नाही ते बघू. तुमच्या २२ दिवसांचा हिशोब मी कागदावर मांडला. रोजची इंजेक्शनं साधारण १० ते १२ दिवस. मधे दोन-तीनदा सोनोग्राफी. बीजं तयार झाली की क्लिनिक सांगतं, आज रात्री अमुक वाजता शेवटचं इंजेक्शन घ्या. ही वेळ मिनिटाला धरून पाळायची असते, कारण बीजं त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी काढतात. इंजेक्शन चुकलं किंवा उशिरा घेतलं तर ठरलेली वेळच बिघडते. हा निरोप बहुतेकदा दुपारनंतर येतो, त्या दिवशीची तपासणी डॉक्टरांनी बघितल्यावर. दुसरा निरोप बीजं काढल्याच्या दुसऱ्या दिवशी: किती फळली. मग तिसऱ्या, पाचव्या दिवशी: किती टिकली, गर्भाशयात गर्भ कधी सोडायचा. तुमच्या वेळापत्रकात हे शेवटचे निरोप पंधराव्या ते अठराव्या दिवसात येतात. यजमान चौदाव्या दिवशी निघणार. एकच फोन असेल तर तो त्यांच्या खिशात बसून औशाला पोहोचलेला असेल, आणि क्लिनिक त्याच नंबरवर फोन लावत बसेल.

नणंदेच्या घरचं वायफाय चांगलंच आहे, पण ते घरातच. क्लिनिकला जाताना ट्राममध्ये, औषधाच्या दुकानात, रस्ता चुकलात तर, तिथं काय? बीजं काढल्यावर गुंगी उतरेपर्यंत तुम्ही झोपून असाल आणि नणंद ऑफिसात, तेव्हा काय? म्हणून मोबाईलचं इंटरनेट हवंच.

आता दुसरी गोष्ट. पैशाच्या पत्रात हे कुणी लिहीत नाही, तरी मी लिहिते. लॅबचा निरोप पहिल्यांदा तुमच्या कानावर यायला हवा. नणंद प्रेमाची आहे हे तुमच्या पत्रातून दिसतंच. पण क्लिनिकने तिचा नंबर लावला, तिने भावाला सांगितलं, भावाने आईला, आणि तुम्ही झोपेतून उठेपर्यंत घरच्या ग्रुपवर कुणीतरी "धीर धरा" लिहिलेलं, असं होऊ द्यायचं नाही. युरोपात २०१८ पासून खासगी माहितीचा कडक कायदा आहे. तुमच्या लेखी संमतीशिवाय क्लिनिक नातेवाइकांना काही सांगत नाही. पहिल्याच भेटीत ती संमतीची कागदपत्रं समोर येतील. तिथे विचार करून लिहा: निकाल फक्त मला, माझा फोन लागला नाही तर आणि तातडीचं असेल तरच नणंदेला. यजमानांचं नाव घालायचं का, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा. सगळे निरोप ईमेलवर लेखीसुद्धा मागून घ्या. परक्या उच्चारातलं इंग्रजी फोनवर ऐकून औषधाचं प्रमाण लिहून घेणं धोक्याचं आहे.

मग पैसे कुठे घालायचे? नणंदेने तुम्हाला सांगितलंच आहे की तिथलं प्रीपेड सिम, भरपूर इंटरनेटसह, सुमारे ५०० कोरुनांना (तिथलं चलन) मिळतं. आपले दोन हजारांच्या आसपास. दोघांना दोन, म्हणजे ४ हजार. युरोपीय संघात २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न लागता चालतं, त्यामुळे परतीचं विमान व्हिएन्नाहून असलं तरी तेच सिम चालेल. फक्त स्वित्झर्लंड किंवा ब्रिटनमधून जाणार असाल तर तिथे ते धरू नका. नणंदेला आधीच आणून ठेवायला सांगा, म्हणजे उतरल्या दिवसापासून फोन चालू.

दीर ई-सिमचं (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणाऱ्या सिमचं) अ‍ॅप सुचवतील, आजकाल सगळे सुचवतात. २०२४ च्या जानेवारीत दूरसंचार विभागाने परवानगी नसलेली अशी दोन परदेशी अ‍ॅप भारतात बंद करायला लावली होती. त्या फंदात पडू नका. हातात धरता येणारं सिम आणि ते घालून देणारी नणंद असताना दुसरं काही शोधायची गरज नाही.

आणि आपलं सिम? ते काढून पाकिटात ठेवायचं नाही. फोनच्या दुसऱ्या कप्प्यात चालूच राहू द्या. बँकेचा ओटीपी त्यावर येतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप नोंदवलेल्या सिमशी जोडलेलीच राहावीत, असे आदेश दूरसंचार विभागाने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये काढले आहेत. निघायच्या आधी कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि एवढंच विचारा: येणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात का, आणि सिम जिवंत ठेवायला सगळ्यात लहान रिचार्ज कोणता. मोठा डेटा पॅक घ्यायचा नाही. विमानात बसण्याआधी त्या सिमचं डेटा रोमिंग बंद करा. फोनमध्ये एक आपोआप सिम बदलणारी सोय असते, एकाचा डेटा कमी पडला की दुसऱ्यावर जाते, तीही बंद करा. पॅक नसताना आपल्या सिमवर तिथे इंटरनेट चालू राहिलं तर बिल हजारांत जातं. त्यावर आलेला फोनही उचलायचा नाही, उचलला की मिनिटाला पैसे लागतात. वाजू द्यायचा, कट करायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून उलटा लावायचा. यजमानांना हे दोनदा सांगा. बियाणं आलं का म्हणून शेतकऱ्यांचे दिवसाला चाळीस फोन येतात त्यांना. दुकानाच्या फोनसाठी एखाद्या पोराकडे वेगळा नंबर देऊन जा.

क्लिनिकला नंबर कोणता द्यायचा? दोन्ही द्या. तिथे असेपर्यंत साधा फोन तिथल्या नंबरवर करा म्हणा, पण पहिला नंबर तुमचा भारतातला, व्हॉट्सअ‍ॅपचा. गर्भ सोडल्यावर रक्ततपासणी साधारण १० ते १४ दिवसांनी होते. तोवर तुम्ही औशात असाल, तपासणी लातूरच्या लॅबमध्ये होईल आणि पुढची गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे ब्रनोहून विचारावं लागेल. त्यांच्याकडे फक्त तिथला नंबर असेल तर तो तोवर बंद पडलेला.

आता ओटीपीकडे येते, कारण खरं नुकसान तिथे होतं. तुमच्या पगाराच्या खात्याला नंबर कोणाचा जोडलेला आहे? आपल्याकडे पुष्कळ शिक्षिकांच्या खात्याला नवऱ्याचा नंबर असतो, खातं उघडताना कुणीतरी तोच लिहिलेला असतो. माझ्या एका अशिलाच्या बाबतीत, उपचार हैदराबादला होता, परदेशसुद्धा नव्हे, रुग्णालयाचा दुसरा हप्ता भरायचा होता आणि ओटीपी गावाकडे शेतात असलेल्या भावाच्या फोनवर येत होता. रेंज नव्हती. चार तास गेले. तुमच्या खात्याला यजमानांचा नंबर असेल तर चौदाव्या दिवसानंतर हेच होईल. नंबर बदलायचा असेल तर शाखेत जाऊन लगेच बदला. सिम बदलून घ्यायचं असेल, हरवलेलं, खराब झालेलं, काहीही, तर निघायच्या निदान दहा दिवस आधी. नवं सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात, आणि परदेशात असताना डुप्लिकेट सिम मिळवणं जवळपास अशक्य. याच कारणासाठी निघायच्या तोंडावर आपलं सिम ई-सिममध्ये बदलू नका. फोन हरवला तर साधं सिमही त्याच्याबरोबर जातंच. पण फोन नुसता बिघडला तर साधं सिम काढून नणंदेच्या जुन्या फोनमध्ये घालता येतं, ई-सिमचं तसं नाही.

यजमानांचं जीएसटीचं २० तारखेचं रिटर्नही याच दिवसात पडतं. त्याचा ओटीपी त्यांच्या नंबरवर येईल. शक्य असेल तर निघण्याआधीच कर सल्लागाराशी बोलून ठेवा.

उपचाराची मोठी रक्कम मात्र ओटीपीच्या भरवशावर ठेवूच नका. क्लिनिकचं कोटेशन घेऊन परदेशी चलनाचं काम करणाऱ्या लातूरच्या शाखेत जा, परदेशात पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरा, कारण वैद्यकीय उपचार असं लिहा आणि इथूनच पाठवा. एका माणसाला एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस (परदेशात पैसे पाठवताना बँक वर घेते तो कर) लागत नाही, तुम्ही त्याच्या आत आहात. कारण मात्र नीट लिहा, पुढे रक्कम वाढली तर उपचार आणि इतर कारण यांच्या दरात मोठा फरक आहे. मुदत ठेवही एकदम सगळी मोडू नका, हप्त्याप्रमाणे मोडा. कार्डाने तिथे पैसे भरले तर बँक ३.५ टक्क्यांपर्यंत वाढीव दर लावते, त्यावर १८ टक्के जीएसटी. लाखाला ४,१३० रुपये. तिथल्या दोन्ही सिमचा खर्च एका लाखाच्या कार्डातच जातो, बघा. कार्ड हाताशी असू द्या, पण औषधं आणि किराण्यापुरतं. त्याचा परदेशातला वापर बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करावा लागतो, नाहीतर तिथल्या दुकानात ते चालत नाही. मशीनवर रुपयांत की कोरुनात असं विचारलं तर कोरुना म्हणा.

ब्रनोत पोहोचल्यावर पहिल्या दिवशी घरी शंभर रुपये पाठवून बघा. ओटीपी आला तर काम झालं. नाही आला तर हाताशी २१ दिवस आहेत.

वाचलेल्या पैशातून तुमच्या फोनची बॅटरी बदला. तुम्ही सहज लिहिलंत की दुपारपर्यंत फोन बंद पडतो. त्या वाक्यावर मी थांबले. क्लिनिकचा फोन दुपारनंतरच येणार आहे. दीड-दोन हजारांत नवी बॅटरी आणि एक पॉवर बँक होईल. सगळं धरून ७ हजारांच्या आत बसतं: दोन सिम, आपल्या दोन्ही सिमचे लहान रिचार्ज, बॅटरी.

आईचं राहिलं. रेणापूरकडे त्यांना गच्चीवर गेल्याशिवाय रेंज येत नाही म्हणालात. मे महिन्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. आपले रात्रीचे आठ म्हणजे तुमचे दुपारचे साडेचार. तीच वेळ ठरवा, ऊन उतरलेलं असतं, त्या गच्चीवर बसतील. घरात एक खुणेचा शब्दही ठरवून ठेवा, तुमच्या दोघींना माहीत असलेला. "तुमची लेक परदेशात दवाखान्यात आहे, लगेच पैसे पाठवा" असे फोन हल्ली येतात. तो शब्द समोरच्याला सांगता आला नाही तर आईंनी फोन ठेवायचा आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० ला लावायचा.

सोमवारी शाळा सुटल्यावर बँकेत जाऊन खात्याचा नंबर बघून या. तो यजमानांचा निघाला तर तिथेच फॉर्म भरा. तुमच्याच नावाचं सिम नसेल तर या आठवड्यात घ्या. नणंदेला आज रात्रीच सिमचं सांगा.