आधी यादी, मग निवेदन

पोरी,

तुझं पत्र मिळालं. जिल्हाधिकारी कार्यालयात तमाशा कलाकारांचं निवेदन घेऊन गेलीस, साहेबांनी विचारलं, "तुमचे कलाकार आहेत किती?" आणि तू म्हणालीस, "हजारो." निवेदनावर आवकचा शिक्का पडला आणि तू बाहेर आलीस. पण तुला खरं लागलंय ते दुसरंच. एका पेटीवाल्याला मानधनाच्या अर्जाची मुदत ठाऊक होती आणि त्याने ती आपल्याच फडातल्या ढोलकीवाल्याला सांगितली नाही. "अशा माणसांसाठी मी का धावू?" असं तू विचारतेस. पुण्यात इव्हेंट कंपनीत नोकरी मिळतेय, ती घेऊ का, असंही विचारतेस.

नोकरीचं तुझं तू ठरव. घर चालवावं लागतं, त्यावर मी बोलणार नाही. पण त्या पेटीवाल्याविषयी तू जे लिहिलंस, ते वाचून मला राग आला. जरा हिशेब कर. राज्य सरकारच्या ज्येष्ठ कलावंत मानधनाला वयाची अट ५० वर्षं, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ६०,००० रुपये, आणि एका जिल्ह्यातून वर्षाला निवड १०० जणांची. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन श्रेण्या होत्या. २०२४ मध्ये त्या काढून सगळ्यांना सरसकट ५,००० रुपये महिना केला. हलगीवाल्याच्या घरी महिन्याला ५,००० म्हणजे औषधं आणि किराणा. साहित्यिक, कीर्तनकार, शाहीर, भजनी, सगळे त्याच १०० जागांसाठी अर्ज करणार, तर शेजारच्याला तारीख न सांगणं त्याला शहाणपणाचं वाटणारच. त्याला नावं ठेवून काय मिळणार? ती तारीख एवढ्या मोठ्याने सांग की कुणाला लपवताच येणार नाही. आणि १०० जागांना ४०० अर्ज आले, तर मागे राहिलेल्या ३०० जणांची नावं, गावं, वाद्यं आणि वयं लिहून काढ. जागा वाढवून मागायला याहून चांगला पुरावा तुला कुठे मिळणार आहे? तू "हजारो" म्हणालीस तेव्हा साहेबांना काही कळलं नाही. "३०० अर्ज मागे राहिले, ही यादी" असं म्हणालीस की फाइल तयार करावी लागते. आधी यादी. मग निवेदन.

नारायणगावला पाडव्याआधी फडांच्या राहुट्या लागतात, तिथे एक दिवस नुसती बसून बघ. गावच्या यात्रा कमिटीचे चार-पाच जण यात्रेसाठी खेळ ठरवायला येतात. त्यात एक हमखास मागच्या वर्षीच्या खेळाची तक्रार घेऊन आलेला असतो. चहा होतो. चैत्री पौर्णिमा किंवा कालाष्टमी हवी असेल तर आकडा चढतो, कारण कितीतरी गावांच्या यात्रा त्याच दिवशी येतात. घासाघीस होते, इसार दिला जातो, पावती फाटते. ती पावती हातात घेऊन वाच. गाव, तारीख, ठरलेली रक्कम, इसार, फडमालकाची सही. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणेवाला, पेटीवाला, मागे सूर धरणारा सुरत्या, एकाचंही नाव नाही. पोस्टरवर फडाचं नाव, नाचणाऱ्या बायकांचे फोटो, फार तर सोंगाड्या. वाजवणाऱ्याने हंगामाआधी उचल घेतलेली असते, ती लिहिलेली असते मालकाच्या वहीत, आणि वही मालकाच्या ट्रंकेत. उभा जन्म वाजवून त्याच्या हातात एक चिटोरं राहत नाही. मग अर्ज भरताना इतक्या वर्षांच्या कामाचा पुरावा मागतात, तेव्हा तो सरपंचाच्या दारात उभा राहतो.

मालकांवर लगेच तुटून पडू नकोस. उचल वाटण्यासाठी तेही कर्ज काढून बसलेले असतात. त्यांच्याकडून एवढंच मागून घे, की पावतीच्या मागच्या बाजूला त्या हंगामातल्या सगळ्या वाजवणाऱ्यांची नावं लिहायची आणि फोटो काढून तुला पाठवायचा. यात त्यांचा एक पैसा जात नाही.

विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं, ते योग्यच आहे. पण मोठी नावं टिकतात ती आपल्या जोरावर टिकतात. मागे बसून ढोलकी वाजवणाऱ्याचं नाव कुणीतरी लिहावं लागतं, आणि ते कुणी लिहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

२०२० आठव. गुढीपाडवा आणि देशभरची टाळेबंदी, दोन्ही एकाच दिवशी, २५ मार्चला. यात्रांचा अख्खा हंगाम उभा राहायच्या आत गेला. पुढच्या वर्षी सरकारने कलाकारांना एकरकमी ५,००० रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न आला: कलाकार आहात, दाखवा. त्या वेळी फोनवर रडणारी माणसं मी ऐकली आहेत. ज्या दोन-तीन फडांची नावनिशी आमच्याकडे लिहिलेली होती, तिथले अर्ज भराभर गेले. बाकीच्यांना सांगायला आमच्याकडे काही नव्हतं. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झालं, १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी. आमच्या कितीतरी हलगीवाल्यांची नोंद तिथे शेतमजूर म्हणून झाली. खोटी नाही ती, पाऊस लागल्यावर ते तेच करतात. पण सरकारच्या नोंदीत शेतमजूर एकाने वाढला आणि वादक एकही वाढला नाही. नोंदणीच्या वेळी शेजारी बसून व्यवसायाच्या रकान्यात काय भरलं जातंय ते बघ.

आता रात्री १० चा विषय. तुझ्या निवेदनात "तमाशाला वेळेचं बंधन नको" असं आहे. ते वाक्य काढून टाक. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री १० नंतरच्या ध्वनिक्षेपकांवरची बंदी कायम ठेवली आहे, आणि गावात आजारी माणसं, परीक्षेची पोरं असतातच. पण त्याच नियमांत वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते, आणि ते दिवस जिल्हाधिकारी आधी जाहीर करतात. गणपती, नवरात्र, ३१ डिसेंबर हे दिवस त्यात बसतात, कारण ते मागणारे वेळेवर येऊन मागतात. आपण जागे होतो यात्रा तोंडावर आल्यावर, तोवर यादी लागलेली असते. गण, गौळण, बतावणी होईपर्यंत १० वाजतात आणि वग, म्हणजे शेवटचं मुख्य नाट्य, उभाच राहत नाही. वगाची साथ करणारे जुने ढोलकीवाले रिकामे बसून असतात, आणि नवी पोरं ती साथ ऐकतच नाहीत. तेव्हा दिवाळी झाली की प्रत्येक तालुक्यातल्या मोठ्या यात्रांची गावं आणि तारखा पंचांग बघून लिही आणि माग एवढंच, की १५ पैकी दोन दिवस यात्रांना द्या. निवेदन एका पानाचं पुरे, मागे तारखा जोड. इथेही आधी यादीच.

रेकॉर्डिंगचं तू विचारलंस, थोडक्यात सांगतो. स्टुडिओत "सर्व हक्क कायमचे" असा कागद पुढे करतात आणि पोरं सही करतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा लिहून घेता येत नाही, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क आहे. पण आयपीआरएससारखी गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था पैसे वाटते ते तिच्याकडे नोंदलेल्या गाण्यांचे. गाणं नोंदवलंच नाही तर ती देणार कुणाला? गाण्याचं नाव, कुणी लिहिलं, चाल कुणाची, ढोलकी कुणाची, तारीख काय, हे त्या रात्रीच वहीत उतरलं पाहिजे. सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

माझ्याविषयी लोक काय बोलतात ते तुझ्या कानावर आलंच असेल. चांगला पेटीवाला होता, कचेऱ्यांच्या नादाला लागून हात घालवला. हात गेला हे खरं आहे. पूर्वी लावणीला साथ करताना बोटं आपोआप पळायची, आता शोधावं लागतं, आणि त्याचं दुःख मला आहे. पण मी ज्यांचे अर्ज भरले त्यांतले काही गेले, आणि त्यांच्या बायकांना आज मानधन मिळतंय ते त्या कागदांवर. हे काम वाजवण्याहून हलकं आहे असं कुणी म्हटलं तर मी भांडतो, अजूनही. तूसुद्धा पत्रात लिहिलंस, "हे काय कारकुनी काम आहे!" हो, कारकुनी काम आहे. ते करायला कुणी नव्हतं म्हणून आपले लोक उघड्यावर राहिले. ते तुला कमीपणाचं वाटत असेल तर खरंच नोकरी घे, मी मनापासून आशीर्वाद देईन. वाटत नसेल तर रडगाणं बंद कर आणि वही काढ.

वहीत रकाने कमी ठेव, नाहीतर भरणार नाहीत: नाव, गाव, वाद्य, जन्मसाल, कोणकोणत्या फडात किती हंगाम, फोन, आणि पुरावा काय आहे. आधार नंबर आणि बँकेचा तपशील त्यात लिहू नकोस, वही दहा हातांतून फिरते. प्रत्येक पान भरलं की ज्याचं नाव आहे त्याला वाचून दाखव आणि फोटो त्याच्याच मोबाइलवर पाठव. माहिती त्याची आहे, ती त्याच्याकडेही राहिली पाहिजे.

सुरुवात त्या पेटीवाल्यापासून कर. रागावून जाऊ नकोस. पंचायत समितीत विचारून अर्जाची पुढची तारीख आधी पक्की कर, ती त्याला सांग, मग त्याच्या फडातल्या सगळ्यांची नावं त्याच्याकडूनच लिहून घे. ढोलकीवाल्याचं नाव तो सांगतो का बघ. नाही सांगितलं तर तू विचार. चौफुल्याच्या आणि मोडनिंबच्या संगीत बाऱ्यांतल्या, म्हणजे लावणीच्या थिएटरांतल्या, जुन्या माणसांशी मी बोलून ठेवतो. तिकडे जाशील तेव्हा दुपारी जा, रात्री त्यांना सवड नसते.

तुझा,
काका